येतो हं, ब्रायडीबाई!

२ जुलै, सालमिया, कुवेत

आजपासून रोज लिहिणार. मागच्या डायरीत चार पानं मनोगत आहे आणि पाचव्या पानापासून ढोकळ्याची कृती. या वेळी तसं होणार नाही, कारण प्रकरण गंभीर आहे. मी धंदा काढलाय. 'चला चारू टूर्स'.

परवाना मुस्तफाभाईंच्या बसकंपनीचा, नाव माझं आणि डोकंही माझंच. मुस्तफाभाई रत्नागिरीचे. इथे राईला त्यांचं गॅरेज आहे, त्यांच्या बसेस कामगारांना साइटवर नेतात आणि आणतात. मी त्यांना म्हटलं, माणसांना नुसतं कामालाच न्यायचं का? कधी मजेला पण न्या की. ते म्हणाले, "न्या ना, चारूताई. पण या वाळूत दाखवणार काय?" त्यांचंही खरंच होतं. म्हणून आयर्लंड. तिकडे म्हणे सगळं हिरवंगार असतं आणि बघायला फक्त बसमध्ये बसावं लागतं. आपल्या लोकांना असंच आवडतं.

आता खरी गोष्ट. माझा नवरा राजन डिसेंबरात तेलकंपनीतून रिटायर होतोय. त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की माझा संपला, मग सामान बांधायचं आणि नाशिक. तिथल्या फ्लॅटला कुठल्या टाइल्स लावायच्या याचा तो रोज संध्याकाळी विचार करतो. मला नाशिकला जायचं नाही. इतकी वर्षं मी इथे 'राजनची मिसेस' होते, आता कुठे लोक 'टूरवाल्या चारूताई' म्हणायला लागलेत, आणि आताच गाशा गुंडाळू? रडू येतं मला विचार करून.

शेवटी काल तह झाला. राजन म्हणाला, "ही एक टूर करून बघ. एकही तक्रार आली नाही तर मी दोन वर्षं एक्स्टेन्शन मागतो. तक्रार आली तर खलास, मुकाट्याने नाशिक."

"तक्रार? माझ्या टूरमध्ये?" मी म्हटलं.

तो हसला. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

५ जुलै

आमच्याकडे सगळ्या प्रवाशांची मीटिंग झाली. मुस्तफाभाईंची बायको ताहिराभाभी केवढा मोठा डबा भरून नारळाच्या वड्या घेऊन आली, त्यामुळे मीटिंग छान झाली. बाहेर पन्नास डिग्री, आत एसी आणि वड्या, आणि विषय स्वेटरचा.

मी मोठ्या झोकात म्हटलं, "ही कोच टूर आहे."

ताहिराभाभी म्हणाली, "कोच म्हणजे शिकवणारा ना गो? काय शिकवणार आपल्याला?"

समजावलं. मग मी सांगितलं की सहलीचा कळस म्हणजे मोहरचे कडे. समुद्रातून सरळ वर उठलेले, जगप्रसिद्ध. तर मुस्तफाभाईंनी विचारलं, "मोहर असेल तर आंबा कधी धरतो?" सगळे हसले. एक माणूस हसला नाही, काशिनाथराव टिपणीस. बँकेत ऑडिटला आहेत. घरी जेवायला आले तरी पानाकडे तपासणीला आल्यासारखे बघतात.

"वहिनी, कडे नक्की दिसणार ना? मी फक्त कड्यांसाठी येतोय."

"अगदी नक्की," मी म्हटलं.

"आणि हिरवळ? गॅरंटीड?"

त्यांची बायको प्रभा म्हणाली, "अहो, देश आहे तो, साडी नाही."

तक्रार आलीच तर कुठून येणार हे मला आजच कळलं. काशिनाथरावांना खिडकीची सीट देणार, पहिली.

९ जुलै, डब्लिन

पोचलो! पाऊस पडतोय, तोही असा की पडतोय की नाही हे हात बाहेर काढून बघावं लागतं. हॉटेलसमोर हिरवळ आहे. आमची सगळी मंडळी बॅगा तशाच टाकून हिरवळीवर जाऊन उभी राहिली. ताहिराभाभीने चपला काढल्या. हॉटेलवाले दारात येऊन बघत होते. बघू देत मेले.

आमचा ड्रायव्हर आणि गाइड एकच, डोनल. दारातून आत येताना वाकावं लागतं एवढा उंच, गाल टोमॅटोसारखे. त्याने आमच्यासमोर उभं राहून बरंच भाषण केलं. मला 'गुड मॉर्निंग' कळलं. मग शेवटी एकदा 'ग्रँड' कळलं. मधलं सगळं गुळण्या केल्यासारखं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तो म्हणतोय, स्वागत आहे आणि सगळं भव्य आहे."

जेवणाचं त्याने मला काहीतरी विचारलं, मी हसून 'येस येस' म्हटलं. जेवायला बसलो तर समोर गोमांसाचा रस्सा. टिपणीस नवराबायको शाकाहारी, मुस्तफाभाईंना हलाल पाहिजे. राजन म्हणाला, "हात धुऊन येतो," आणि गेला तो गेलाच. अशा वेळी हा माणूस नेमका गायब! पण तेवढ्यात हॉटेलवाल्यांनी आपणहून सगळ्या ताटल्या उचलल्या आणि मासे, बटाटे, भाज्या आणून ठेवल्या. लोक हुशार आहेत इथले, चेहऱ्यावरून ओळखतात. राजन ओले हात पुसत आला आणि काही घडलंच नाही असा बसून जेवला.

१० जुलै

डोनलचं मला एक अक्षर कळत नाही. इथे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्याची सोय नाही. तो गाडी चालवता चालवता सारखा बोलतो आणि मग थांबतो, म्हणजे मी मराठीत सांगायचं.

डावीकडे एक पडका दगडी मनोरा आला. डोनल बराच वेळ बोलला, मधेच गंभीर झाला, मग हसला. बस माझ्याकडे बघतेय. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, "हा मनोरा एका सावकाराने बांधला. त्याला तीन मुली होत्या. दोघींची लग्नं झाली. तिसरी हट्टी होती."

कुठून सुचलं देव जाणे. पण सगळ्यांनी कान टवकारले. मग प्रभाने विचारलं, "मग?"

मग काय! पुढच्या पडक्या चर्चजवळ तिसरीला स्थळं आली. तळ्यापाशी तिने दोन स्थळं नाकारली. एका जागी मेंढ्यांचा कळप रस्ता अडवून उभा राहिला आणि आम्ही कितीतरी वेळ अडकलो, तेव्हा मी तिसरीला एका मेंढपाळाच्या प्रेमात पाडलं. डोनल मागे वळून माझ्याकडे कौतुकाने बघत होता. त्याला वाटत असणार, आपलं दोन वाक्यांचं बोलणं ही बाई केवढं खुलवून सांगते.

'ग्रँड' मात्र पक्कं कळतं. तो वाटेतल्या स्वच्छतागृहाला ग्रँड म्हणाला, मी 'भव्य स्वच्छतागृह' म्हणून सांगितलं. काशिनाथराव बघून आले आणि म्हणाले, "भव्य नाही, वहिनी. दोन आहेत." तक्रार नको म्हणून मी त्यांना एक चिक्की दिली.

राजन मागच्या सीटवर तोंडावर टोपी घेऊन बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. थंडी वाजत असणार. म्हटलं होतं जाड स्वेटर घे.

११ जुलै

तिसरीच्या होणाऱ्या सासूने आज बस गाजवली.

राजनचं मला कळत नाही. प्रत्येक थांब्यावर तो डोनलपाशी जाऊन उभा राहतो. काय बोलतात कुणास ठाऊक. दोघं हसतात, डोनल त्याच्या पाठीवर थाप मारतो. हा घरी महिन्यातून एवढा बोलत नाही. पूर्वी रिगवर त्याचा सुपरवायझर कुणी आयरिश होता, वर्षानुवर्षं त्याच्या हाताखाली काम केलंय, पण त्या माणसाची एक गोष्ट कधी सांगितली असेल तर शपथ. मी आज खडसावलं, "ड्रायव्हरला गप्पांत गुंतवू नकोस, माझी टूर आहे." तो "बरं" म्हणाला.

१२ जुलै, क्लेअर परगणा

आज चहा मिळाला! खरा चहा!

झालं असं की प्रभाला मधेच उतरायचं होतं आणि भव्य काही दिसेना. डोनलने बस एका शेतघरासमोर थांबवली. बाहेर चहाची पाटी, दारात दोन कुत्रे आणि एक पांढऱ्या केसांची म्हातारी, ब्रायडी तिचं नाव. एकटीच राहते. एवढी माणसं बसमधून उतरताना बघून तिने छातीवर हात ठेवला आणि मग जी धावपळ सुरू केली! गरम पाव, लोणी, घरचा मुरंबा. आणि चहा असा दाट की मुस्तफाभाई म्हणाले, "ही आपल्याकडची आहे."

प्रभा पर्समध्ये आलं ठेवते, कुठेही गेली तरी. तिने किटली उघडून आत ठेचलेलं आलं घातलं. ब्रायडीने विचारलं हे काय, तर प्रभा म्हणाली, "आलं, आलं." ब्रायडी म्हणाली, "आला?" प्रभा म्हणाली, "आला नाही, आलं." म्हातारी चार कप प्यायली आणि सारखं "आलं, आलं" करत घरभर फिरत होती. कुत्र्यांनाही सांगत होती.

निघताना सगळ्यांना जड गेलं. आपल्या पद्धतीप्रमाणे एकेकाने हात जोडून सांगितलं, "ओके, वुई विल कम हं." 'जातो' कसं म्हणणार? तसं बोलू नये. ब्रायडीने काहीतरी विचारलं, बहुधा हवापाण्याचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काशिनाथरावांनी तर "येस, येस, डेफिनेटली!" म्हणून तिचा हात दोन्ही हातांत धरला.

मी पण रीत सोडली नाही. म्हटलं, "यू ऑल्सो कम टू कुवेत. मस्ट कम. नोव्हेंबर गुड वेदर. ब्रिंग फ्रेंड्स." एवढं तर म्हणावंच लागतं.

उद्या मोहरचे कडे. मग माझी टूर यशस्वी आणि नाशिकच्या टाइल्स नाशिकला.

१३ जुलै

मी खिडकीशी बसून हे लिहितेय. काय करून बसले ते नीट लिहून काढते.

सकाळी निघालो कड्यांकडे. काशिनाथरावांनी दुर्बीण गळ्यात अडकवली होती. अर्ध्या वाटेत डोनलचा फोन वाजला. त्याने बस बाजूला घेतली, ऐकलं, त्याचा चेहरा पडला. मग उठून आमच्याकडे तोंड करून अगदी हळू आवाजात बोलला. मी माइक घेतला आणि जाहीर केलं, "घाबरू नका, टायर पंक्चर आहे."

सगळे पावसात उतरले. मुस्तफाभाईंनी बाह्या सरसावून चारही बाजूंनी टायर तपासले. म्हणाले, "चारूताई, टायर तर फस्क्लास हायत." डोनल दारात उभा राहून बघत होता आणि त्याचं तोंड उघडं होतं.

तेव्हा राजन मागून पुढे आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "अगं, टायर नाही. ती म्हातारी. ब्रायडी."

"काय झालं तिला?"

"आपण काल 'येतो' म्हणालो ना. तिने विचारलं, उद्या जेवायला येणार का? आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने पहाटेपासून स्वयंपाक केलाय. शेजारपाजारचे येऊन टेबलं लावून गेलेत. फोन करून विचारतेय, कुठपर्यंत आलात?"

"तुला काय माहीत?"

"अंदाज," तो म्हणाला. पुरुषांना अंदाज फार. पण डोनलने मान डोलावली, म्हणजे बरोबर होता.

 राजनच्याच अंदाजाने, कडे पुढे आणि ब्रायडी मागे. दोन्ही व्हायचं नाही, संध्याकाळी डब्लिन गाठायचं आणि उद्या विमान.

मी सगळ्यांना सांगितलं.  मग ताहिराभाभी म्हणाली, "अगो बाय, येतो म्हणून सांगून आलो आपण. म्हातारी दारात उभी असेल गो."

काशिनाथराव म्हणाले, "अहो, पण ते बोलायची पद्धत आहे! 'येतो' म्हणजे काय खरंच येतो का कुणी? मी फक्त कड्यांसाठी आलोय. वहिनी, तुम्ही 'अगदी नक्की' म्हणाला होता."

म्हणाले होते. सगळ्यांना सगळं म्हणून बसले होते मी. काशिनाथरावांकडे बघितलं, त्यांच्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे बघितलं, आणि मला सरळ दिसलं की बस मागे वळवली तर तक्रार येणार, आणि तक्रार आली की खलास.  राजन नुसता माझ्याकडे बघत होता. त्याला काय, त्याला तर टाइल्स लावायच्याच आहेत.

तिने पहाटेपासून स्वयंपाक केला. आमच्यासाठी कुणी एवढं कधी केलंय? मी माइकमध्ये म्हटलं, "डोनल, ब्रायडी. गो ब्रायडी." आणि मला रडूच फुटलं, तेही माइकवर, त्यामुळे सगळ्या बसने ऐकलं.

काय ते जेवण! गोठ्याची दारं काढून त्यांची टेबलं केलेली, वर पांढऱ्या चादरी. बटाटे उकडलेले, भाजलेले, कुस्करलेले. एवढाला सामन मासा. ताहिराभाभीने बॅगेतून मसाला काढला आणि अर्ध्या माशाचं कालवण करून टाकलं, तेव्हा शेजारचे आयरिश म्हातारे डोळे पुसत पुसत खात होते आणि वाटी पुढे करत होते. मला कोबी वाढला, नुसता उकडलेला. मी तीनदा घेतला. ब्रायडीने लग्नातली भांडी काढली होती, निळ्या काठाची. नवरा गेल्यापासून कपाटाबाहेर काढलीच नव्हती, असं राजनचा अंदाज म्हणाला.

आणि निघताना पंचाईत. दारात सगळे घुटमळले. 'येतो' म्हणावं तर ही पुन्हा बटाटे सोलायला बसेल, 'जातो' तर तोंडातून निघेना. शेवटी मी तिला हातवारे करून समजावलं की आम्ही 'गो' म्हणत नाही, वाईट असतं, म्हणून 'येते' म्हणतो. गो म्हणजे येते. तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "येटा." मी म्हटलं, "येते." ती म्हणाली, "येटे." तिचेही डोळे भरले होते, आमचेही.

कडे दिसले नाहीत. परतताना एकदा दूरवर ढग दिसले, मी म्हटलं ते बघा मोहरचे कडे. काशिनाथरावांनी दुर्बीण लावली, बघितलं, आणि म्हणाले, "ढग आहेत."

१८ जुलै, सालमिया

आली. मराठी मंडळींच्या ग्रुपवर, सकाळी, सगळ्यांसमोर:

'सहल उत्तम. चहा उत्तम. मोहरचे कडे मात्र पाहावयास मिळाले नाहीत. त्याऐवजी कोबी मिळाला. कृपया नोंद घ्यावी. काशिनाथ टिपणीस.'

राजनने वाचलं. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "तक्रार आहे."

"आहे," मी म्हटलं.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले, घासलेलीच परत. शब्द म्हणजे शब्द. बस मागे वळवल्याचा मात्र पश्चात्ताप होत नाहीये. व्हायला हवा होता.

२४ ऑगस्ट

काही घडत नाही. बाहेर जाववत नाही एवढं ऊन. नाशिकच्या सोसायटीने पार्किंगचं विचारलं होतं. राजन म्हणाला, बघू.

१९ सप्टेंबर

राजन शुक्रवार आला की राईला मुस्तफाभाईंच्या गॅरेजला जातो. म्हणतो, बसचा एसी बघतोय. इंजिनिअर माणूस, रिटायर व्हायच्या आधीच मन रमवायला लागलाय, बिचारा. आज मी विचारलं, टाइल्सवाल्याला फोन केलास का? म्हणाला, विसरलो. वय झालं त्याचं.

फोनला मात्र चिकटलेला असतो. सारखा टकटक टाइप करतो आणि एकटाच हसतो. मी बघायला गेले की पालथा ठेवतो. मी म्हटलं, कुणाचे एवढे मेसेज? "फॉरवर्ड," म्हणाला. आजकाल लोक काहीही फॉरवर्ड करतात.

१२ ऑक्टोबर

राजनच्या ऑफिसात म्हणे माणूस मिळत नाहीये, म्हणून त्याला दोन वर्षं एक्स्टेन्शन दिलंय. मागितलं नव्हतं, त्यांनीच गळ्यात घातलं, असं तो म्हणाला. नशीब माझं! म्हणजे राहायचं इथेच, पण टूर्स बंद, तह तो तह. नुसतं राहून करू काय? परत राजनची मिसेस.

त्याने विचारलं, "तुझा तो माइक कुठे ठेवलास?" मी म्हटलं, माळ्यावर, आणि तिथेच राहू दे.

७ नोव्हेंबर

घाईघाईने लिहितेय, अक्षर लागलं नाही तर लागलं नाही.

सकाळी राजन म्हणाला, ऑफिसचे पाहुणे यायचेत, एअरपोर्टला चल. मी म्हटलं, तुझ्या ऑफिसच्या पाहुण्यांशी माझा काय संबंध? तो म्हणाला, "चल गं. ती हिरवी साडी नेस." कुरकुरत नेसले.

पार्किंगमध्ये मुस्तफाभाईंची बस उभी. धुतलेली, चकाचक, काचांना पडदे! मला वाटलं कुणा साइटच्या बड्या साहेबांसाठी असेल. आत ताहिराभाभी चहाचा मोठा थर्मास धरून बसलेली, आणि पहिल्या खिडकीशी काशिनाथराव आणि प्रभा. मी म्हटलं, "तुम्ही सगळे इकडे कसे? कुणी यायचंय का?"

काशिनाथराव खाली बघत म्हणाले, "वहिनी, 'डेफिनेटली' मी पण म्हणालो होतो हो. तो मेसेज मी घाईत टाकला." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तिसरीचं लग्न मेंढपाळाशी झालं की नाही ते राहूनच गेलं."

मला काही समजेना. आत गेलो. दार उघडलं आणि पांढऱ्या केसांच्या आयरिश बायकांची रांगच्या रांग बाहेर आली, बाहेर कडक ऊन आणि प्रत्येकीच्या अंगात रेनकोट. सगळ्यात पुढे हातात काठी घेऊन ब्रायडी!

मी ओरडलेच. सगळं एअरपोर्ट वळून बघायला लागलं. अगंबाई, हिने खरंच मनावर घेतलं! मी म्हणाले होते, या. नोव्हेंबरात या. मैत्रिणींना आणा. आल्या! कुवेत बघायला, बसने, गाइडसकट, आणि गाइड म्हणजे कोण, तर मी! माझी टूर! मी तिला मिठी मारली, ती मला बिलगून राहिली, आमच्या दोघींच्या मधे तिची काठी अडकली.

मग ती मागे सरकली, माझ्याकडे बघितलं आणि ठासून म्हणाली, "आले!"

मी म्हटलं, "हो हो, चहात घातलंय, प्रभाने भरपूर घातलंय."

तिने जोरात मान हलवली. नाही, नाही. छातीवर हात ठेवला आणि एकेक शब्द सुटा सुटा करून म्हणाली, "येते म्हणाले. मी आले."

मी तर गारच झाले. तिला 'येते' मी शिकवलं होतं. 'आलं' प्रभाने शिकवलं होतं. पण हे 'मी' आणि 'म्हणाले', एवढं अख्खं वाक्य तिला शिकवलं कुणी? मी राजनला विचारायला वळले, तर तो आपला सगळ्यांच्या बॅगा गाडीवर रचत होता आणि मान काही वर करत नव्हता. कानात केस वाढलेत त्याच्या, ऐकूच येत नाही आजकाल.

बसमध्ये चढले तर माझ्या सीटवर माझा माइक, पुसून ठेवलेला.